तीन नंबरची बाटली

दक्षाबाईंना प्रात्यक्षिक परीक्षेचा वैताग यायचासुद्धा आता बंद झाला होता. तलासरीकडच्या आश्रमशाळेत बारावीला रसायनशास्त्र शिकवत एकोणीस वर्षं झाली, आणि दर फेब्रुवारीला तेच. परीक्षक बाहेर चहा घेईपर्यंत प्रयोगशाळेतले शिपाई अमृतभाई टेबलाटेबलावर कुजबुजत फिरायचे, "तीन नंबर फेरस सल्फेट. हिरवा साका लिहा." नळीच्या तळाशी काय बसलंय ते न बघताच मुलं लिहायची, पास व्हायची. बाई काणाडोळा करायच्या.

यंदाही चोवीसपैकी तेवीस पेपरांत हिरवा साका होता. वेवजी गावच्या बायजीने मात्र लिहिलं होतं, 'तपकिरी साका. फेरिक.'

"हिचे सॉल्ट ओळखायचे मार्क गेले," परीक्षक म्हणाले.

बायजीला नर्सिंगला जायचं होतं. त्यासाठी एकेक मार्क हवा होता. बाईंनी बाटलीकडे पाहिलं. झाकण तडकून दोन पावसाळे झाले होते. दमट हवेने आतले फिकट हिरवे खडे गंजून पिवळट झाले होते, फेरसचं फेरिक झालं होतं, आणि नवी बाटली मागवायचं बाईंनी रोज उद्यावर ढकललं होतं. पोरगी बरोबर होती.

"बोलवा तिला," परीक्षक घड्याळ बघत म्हणाले. "हिरवं करू दे, देतो मार्क. मला चारोटीला पोचायचंय."

बायजी आली. बाईंनी तिच्यापुढे पेपर सरकवला, पेन दिलं.

"पण मॅडम, कॉस्टिक सोडा टाकला तर विटेसारखाच रंग आला," ती म्हणाली. "हिरवा नाय आला. तुम्हीच सांगितलेलं ना, दिसेल तेच लिहायचं?"

ते बाईंनी जूनमध्ये सांगितलं होतं. दर जूनमध्ये सांगायच्या, सवयीने. कुणी ते आठ महिने जपून ठेवेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी पेन परत घेतलं. "सर, हिचं बरोबर आहे. बाटली खराब झालीय, चूक माझी. बाकीच्या तेवीस जणांना पुन्हा करायला लावा."

परीक्षक चिडले. पण नळीत कॉस्टिक सोड्याचे चार थेंब टाकून त्यांनी स्वतः पाहिलं आणि बायजीला पूर्ण मार्क दिले.

घरी निघालेल्या तेवीस जणांना जीपगाड्यांतून उतरवून परत आणलं. सगळी बायजीकडे खाऊ की गिळू असं बघत होती.

"मॅडम, मग आता ब्राउन लिहायचं ना?" पहिल्या टेबलावरून शितलने विचारलं.

"नळीत बघ."

बाई स्टुलावर टेकल्या. त्यांचे पाय भरून आले होते. जरा डोळे मिटावेत म्हटलं, तेवढ्यात मागून ओळखीची कुजबूज आली.

"तीन नंबर फेरिक. ब्राउन लिहा."

बाई पुन्हा उठल्या.

"अमृतभाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा."