दोन फुल्यांची अंडी

त्या दोघी जावा एकाच प्राणिसंग्रहालयात कामाला होत्या, आणि वैर असं कडक, की दोघी एकदम स्वयंपाकघरात शिरल्या तर चुलीवरचं दूध नासायचं. थोरलीच्या दालनात कासवं, सरडे, बेडूक. जगातून नाहीसे व्हायला निघालेले तेवढे सगळे. धाकटीकडे पक्षी. पक्षी सांभाळायला कसली अक्कल लागते, थोरली म्हणायची, ते स्वतःच ओरडून काय हवं ते सांगतात. धाकटी म्हणायची, दगडांची राखण करून पगार घेणारी बाई मी हिच्या रूपानं पहिल्यांदा बघितली.

थोरलीच्या दालनात एक कासवीण होती. नदीत आता तिच्या जातीचं एकही उरलं नव्हतं. इतकी म्हातारी, की नदी परकरी पोरीएवढी होती तेव्हाची तिला आठवते, असं म्हणत. तिनं त्या वर्षी अंडी घातली. थोरलीनं ती वाळूसकट उबवणी पेटीत मांडली, प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीनं फुली मारली, आणि थोड्याच दिवसांत तापानं अंथरूण धरलं. साहेबांनी पेटी धाकटीच्या गळ्यात मारली.

आता पक्ष्याचं अंडं उबवताना सारखं फिरवावं लागतं, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं. धाकटीच्या हातांना तेच वळण. सकाळी पेटी उघडली आणि डोकं जागं व्हायच्या आत हातांनी सगळी अंडी उलटी करून टाकली. संध्याकाळी पुन्हा फिरवायला आली, तेव्हा कुठे तिनं भिंतीवरची पाटी वाचली. कासवाचं अंडं कधी फिरवू नये, पिल्लू आत गुदमरतं. फुली कायम वर हवी. चुकून उलटलंच, तर पुन्हा हात लावू नये.

थोरलीपुढे चुकले म्हणण्यापेक्षा धाकटीनं मगरीच्या तोंडात डोकं दिलं असतं. तिनं पेन्सिल घेतली आणि वर आलेल्या कोऱ्या बाजूंवर नव्या फुल्या मारल्या.

थोरली परतली ती थेट पेटीपाशी. एका अंड्यावर विजेरी धरली. लाल शिरांचं जाळं फुलीखाली दिसायला हवं, ते तळाला दिसलं. तिनं अंड्याजवळची वाळू बोटानं हळूच सारली. खाली दुसरी फुली.

"दोन फुल्यांची अंडी कुठल्या कासविणीची गं?"

"मी नाही फिरवली," धाकटी म्हणाली.

"फिरवली असं मी म्हटलं का?"

थोरलीनं बजावलं, यातून एक तरी पिल्लू निघालं तर गप्प बसेन. नाही निघालं, तर साहेबांना सगळं सांगेन, मग तुला तुझे पोपटही दारातून बघावे लागतील.

अंडी एकेक करून पिवळी पडू लागली. मेलेलं प्रत्येक अंडं थोरली डबीत घालून घरी आणायची आणि जेवताना धाकटीच्या ताटाशेजारी ठेवायची. मग पाणी वाढायची. सासूबाईंनी आपलं ताट उचलून गॅलरीत नेलं. धाकटीच्या नवऱ्यानं वहिनीला एकदा, पुरे आता, म्हणून बघितलं, तर दुसऱ्या दिवशी डबी त्याच्या ताटाशेजारी.

शेवटी एकच अंडं उरलं. धाकटी पक्ष्यांना दाणापाणी घालून धावत यायची, पेटीच्या काचेला नाक लावून बसायची. मनात नवससुद्धा करायची, पण कासवाचा देव कोणता ते तिला ठाऊक नव्हतं.

एका दुपारी त्या अंड्याला चीर गेली. थोरलीनं पेटीचं झाकण काढलं. आतून नखाएवढं नाक बाहेर आलं आणि तिथेच थांबलं. बराच वेळ हललं नाही.

"अडकलंय ते," धाकटी म्हणाली. अडकलेल्या पिल्लाचं कवच सोलायची तिची सवय, हात आपोआप पुढे झाला.

थोरलीनं तिचं मनगट पकडलं. तापातून उठलेल्या बाईत एवढं बळ कुठून आलं कोण जाणे, धाकटीची बांगडी पिचली.

"दमलंय ते. दम खाऊ दे."

"मरेल, ताई."

"मग माझ्या हातानं मरेल. तुझ्या हातानं पुष्कळ मेली."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं हात ओढला नाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या. धाकटीची बोटं बधिर झाली. मग एक पाय बाहेर आला, दुसरा आला, आणि पिल्लू वाळूवर पालथं पडून पेटीच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या ताटलीकडे चालायला लागलं.

"जगलं," धाकटी म्हणाली. "सोडा आता."

थोरली पिल्लाकडेच बघत होती.

"पाण्यात जाऊ दे आधी," ती म्हणाली आणि पकड आणखी घट्ट केली.