पाच जणांची निळी गाडी

डोळे मिटा बरं क्षणभर. समजा, तुमच्या घरापुढे एक मोठी व्हॅन उभी आहे, आठ जण आरामात बसतील अशी. रंग पांढरा, पण समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने दारांच्या कडा गंजलेल्या. पोहुतुकावाच्या झाडाखाली ती उभी आहे, आणि टपावर पडलेली लाल फुलं कुणी झाडलेली नाहीत. आता आत डोकवा. पुढे दोन सीटा दिसतात ना? मागे मात्र काहीच नाही. नुसता मोकळा पत्रा आणि त्यावर अंथरलेली एक विणलेली चटई. बाकीच्या सीटा कुठे गेल्या? त्या मागच्या शेडमध्ये पडल्या आहेत, गेले नऊ महिने.

आता उघडा डोळे. ही व्हॅन अरिहियाच्या घरची.

अरिहिया नऊ वर्षांची होती. शाळेची बस तिला दुपारी साडेतीनला वळणावर सोडायची. घरी आली की ती पावाला लोणी फासायची, मागच्या पायरीवर बसून तो खायची, नळाखाली हात धुवायची, आणि मग व्हॅनचं सरकतं दार ओढून आत शिरायची. चटईवर डाव्या कुशीवर पडायची आणि तास-दीड तास तशीच राहायची. व्हॅनमध्ये तिने एकदाही काही खाल्लं नाही. गेलेल्या माणसाजवळ खायचं नसतं, हे इथल्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही मुलाला शिकवावं लागत नाही.

तिची आई याच व्हॅनमधून शेवटची घरी आली होती. हॅमिल्टनच्या मोठ्या दवाखान्यात आई वारली, आणि इथे माणूस गेलं की त्याला एकटं सोडत नाहीत. परक्यांच्या गाडीत तर नाहीच. म्हणून काकालोकांनी मागच्या सीटा काढल्या, चटई अंथरली आणि आईची शवपेटी आत ठेवली. पेटीच्या दोन्ही बाजूंना घरची माणसं मांडी घालून बसली. अरिहिया आईच्या डोक्याशी होती. साडेचार तासांचा रस्ता. वाटेत सगळी जणं आईशी बोलत होती. राहेरा आत्याने आईची लग्नाआधीची भानगड सांगितली, तेव्हा पेटीवर डोकं टेकून सगळी खो-खो हसली आणि मग तशीच रडली. अरिहियाला झोप लागली ती पेटीवर हात ठेवूनच.

दफन झाल्यावर पाद्रीबाबांनी व्हॅनवर पाणी शिंपडून प्रार्थना म्हटली. आत्या म्हणाली, "झालं, आता ही पुन्हा साधी गाडी. हिच्यातून बटाटे आणा, कोंबड्या आणा, काही हरकत नाही."

पण बटाटे कुणी आणले नाहीत. पपांनी सीटा बसवल्या नाहीत. किवी फळांच्या मळ्यावर ते शेजाऱ्याच्या ट्रकमधून जायचे. टेकडीवर, जिथे आईला पुरलं होतं, तिथे अरिहिया रविवारी जायची, फुलं ठेवायची, पण तिथे तिला नुसती माती आणि वारा भेटायचा. आई भेटायची ती चटईवर, डाव्या कुशीवर. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि मग एका रात्री जेवताना पपा म्हणाले, "व्हॅन देऊन टाकतोय. छोटी गाडी घेऊ. पाच जणांची."

आत्याने हातातला तळलेला पाव ताटात टाकला. "होहेपा, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? अरे, तुझा देह बघ आणि ती गाडी बघ! गुडघे कानाला लागतील."

"दोघंच तर आहोत आम्ही. पेट्रोल किती खाते ती."

"दोघंच? मग मी कोण, शेजारचं कुत्रं? मराएच्या सभाघरात काही कार्य असलं की वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना कोण आणणार? डिकीत घालून आणशील?"

"तू आण."

"मग मला दे व्हॅन! मी आणते. मी काय गाडी चालवत नाही?"

"नाही," पपा म्हणाले. "गावात नको ती."

"का नको?"

पपा उठले आणि आधीच घासलेलं पातेलं पुन्हा घासायला लागले. अरिहियाने तोंडातला घास पाण्यासोबत गिळला.

शनिवारी दोघं शेजाऱ्याच्या ट्रकने फाकाताने शहरात गेली. गाड्यांच्या आवारात टाय लावलेला एक हसरा गृहस्थ पुढे आला.

"कुटुंब केवढं आहे, साहेब?"

पपांनी अरिहियाकडे बघितलं. "दोन."

"मग ही निळी बघा! अगदी तुमच्यासाठीच."

पपा आत बसले. म्हणजे आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेले पपा, असे हप्त्याहप्त्याने बसले. गुडघे स्टिअरिंगला टेकले.

"सीट मागे सरकते हं, साहेब."

"सरकवलीय."

एरवी अरिहिया हसून लोळली असती. पपा बाहेर आले आणि त्यांनी मागचं दार वर उचललं. बराच वेळ आत बघत राहिले. मग वाकून त्यांनी वितीने मोजायला सुरुवात केली.

"सीटा पाडल्या की सामानाला भरपूर जागा होते," तो गृहस्थ उत्साहाने म्हणाला.

"भरपूर म्हणजे किती? माणूस आडवा मावेल?"

"माणूस?" त्याचं हसू जरा ढिलं झालं. "नाही हो. तेवढी कुठली. कॅम्पिंगसाठी वगैरे हवी असेल, तर तिकडे एक मोठी आहे..."

"नको. हीच घेतो."

व्हॅन पुढच्या शनिवारी आणून द्यायची, सगळ्या सीटांसकट, असं ठरलं. त्या बदल्यात किमतीत थोडी सूट. परतीच्या वाटेवर अरिहिया खिडकीबाहेर बघत राहिली. पपांनी दोनदा विचारलं, "आइस्क्रीम?" तिने दोनदा मानेनेच नाही म्हटलं.

तो आठवडा ती रोज व्हॅनमध्ये जास्त वेळ पडून राहिली. चटईचा वास नाकात भरून घ्यायची. आईचा वास त्यात कधीच नव्हता, खरं तर. नुसता गवताचा आणि पत्र्याचा वास. पण आता तोही जाणार होता.

शुक्रवारी दुपारी पपा लवकर आले. शेडमधून त्यांनी एक सीट उचलून आणली, व्हॅनशेजारी ठेवली, आणि हातात पाना घेऊन दार सरकवलं. आत अरिहिया होती.

"ऊठ पोरी. सीटा बसवायच्यात."

"नाही."

"अरिहिया."

"बसवा की. माझ्यावर बसवा."

पपा दारातच उभे राहिले. तिला वाटलं, आता ते आत येतील, काखेत हात घालून आपल्याला उचलतील. तिने चटईची कड मुठीत पकडली. पण ते आत आले नाहीत. एवढा दांडगा माणूस, पण दाराच्या पट्टीच्या अलीकडे थांबला, जणू पुढे पाणी खोल होतं.

"तू रोज इथे येतेस," ते म्हणाले. "पायरीवर पावाचा चुरा असतो. आधी खातेस आणि मग आत जातेस, कळतं मला."

"आई आहे इथे."

"आई टेकडीवर आहे."

"तिथे नाहीये. तिथे फक्त तुम्ही सगळे म्हणता म्हणून आहे. मी इथे तिच्या डोक्याशी बसले होते. इथे! तुम्ही आता इथे कुणाला तरी बसवणार, आणि ती माणसं चिप्स खाणार!"

बोलता बोलता तिला रडू फुटलं. पपा खाली बसले, बाहेरच, गळालेल्या फुलांवर. पाना त्यांनी बाजूला ठेवला.

"मला ही गाडी बघवत नाही गं," ते म्हणाले.

"का? आई होती म्हणून?"

"तुमच्याजवळ होती म्हणून." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तुझे काका म्हणत होते, होहेपा, तू मागे बस, आम्ही चालवतो. मी म्हटलं, नाही. माझी बायको आहे, मीच तिला घरी नेणार. मोठेपणा केला. साडेचार तास माझी पाठ तिच्याकडे होती, पोरी. तुम्ही बोलत होता, हसत होता. मला सगळं ऐकू येत होतं आणि मागे वळता येत नव्हतं. किनाऱ्याचा रस्ता, वळणामागून वळण. समोरच्या आरशात बघितलं तर फक्त आत्याचे केस दिसायचे. एकदा तुझा हात दिसला, पेटीवर ठेवलेला. बस, एवढंच."

अरिहिया रडायची थांबली. पपा कुठे बसले होते, हे तिला माहीत होतं. पण तिथून काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

"पोचल्यावर तर सगळं गाव होतं," पपा म्हणाले. "स्वागत, भाषणं, मंडपातली माणसं. ते साडेचार तासच आपले होते. घरच्यांचे."

"म्हणून छोटी घेताय?"

"त्या गाडीत कुणालाही आडवं ठेवून आणता येणार नाही. आत्याला नाही, तुला नाही. मागे बघितलं तर बसलेलं माणूस दिसेल." त्यांनी पाना आणखी दूर सरकवला. "पण तू नको म्हणालीस तर नाही देणार मी व्हॅन. राहू दे इथेच उभी, गंजू दे. तू सांग."

वारा आला आणि झाडाने अजून थोडी फुलं टाकली. रस्त्यावरून कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. पपांनी मान वर केली नाही.

अरिहियाने चटईची कड सोडली. तिला म्हणायचं होतं, नाही, देऊ नका. ते शब्द तोंडापर्यंत आले होते. पपांचे मोठे हात मांडीवर उताणे पडले होते, ते बघून शब्द तिथेच राहिले.

"ती निळी घेऊन या उद्या," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "पण सीटा आज नका बसवू. सकाळी बसवा. आज तुम्ही आत या."

"मी?"

"या ना."

पपांनी दाराची कड धरली. एक पाय आत ठेवला, आणि मग वाकून सगळेच आत आले. व्हॅन त्यांच्या वजनाने एका बाजूला कलली. कुठे बसावं ते त्यांना कळेना. अरिहियाने हाताने दाखवलं, "इथे. डोकं इकडे होतं."

ते बसले. त्यांचा हात चटईवर घुटमळला, आणि मग हळूच टेकला.

अरिहिया बाहेर उतरली. दोन्ही हातांनी जोर लावून तिने सरकतं दार बंद केलं. मग ती पुढे गेली, चालकाचं दार उघडून वर चढली आणि स्टिअरिंगमागे बसली. पाय खाली पोचत नव्हते. तिने समोरचा आरसा छताकडे वळवून ठेवला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, आणि मागे पपांचं आईशी बोलणं सुरू झालं तेव्हा ती समोर बघत राहिली.