आठ पुड्या, आठ दिवस

घड्याळजींची मान उभा जन्म दिव्याखाली वाकलेली. दुकानाला खिडकी नाही, ताटात अंडं-मासा नाही. त्यामुळे मांड्या दुखू लागल्या, जिना चढवेना आणि रक्तात ड जीवनसत्त्वाचा आकडा तीसच्या जागी जेमतेम सहा निघाला, तेव्हा नवल फक्त त्यांनाच वाटलं.

"पण मी पालेभाजी खातो हो!"

"पालेभाजीत हे नसतं," डॉक्टरीणबाईंनी आठ पुड्या लिहून दिल्या. "आठवड्याला एक, दुधातून."

घड्याळजींनी मान डोलावली. पण मागे पडलेलं घड्याळ कोणी आठवड्याला एकेक मिनिट पुढे सरकवतं का? काटा धरायचा, वेळेवर आणून ठेवायचा. त्यांनी रोज एक पुडी घेतली.

आठव्या दिवशी रिकाम्या खोक्यातला कागद त्यांनी डोळ्याला भिंग लावून वाचला. आधी काम, मग कागद, हे धंद्यातलं वळण. 'अतिसेवनाने रक्तातले कॅल्शियम वाढून मळमळ, तहान, मूत्रपिंडांस इजा...' मळमळ वाचताच मळमळलं. तहान वाचून ते तीन पेले पाणी प्यायले, आणि आपल्याला एवढं पाणी लागतंय हे पाहून त्यांचे हातपाय गार पडले.

"अहो, चेहरा का असा पांढराफटक?" बायकोने विचारलं.

"कुठे काय. भिंतीवरच्या घड्याळाला दर रविवारी किल्ली द्यायची असते. शिकून ठेव."

"मी कशाला? तुम्ही कुठे निघालात?"

मग सांगावंच लागलं.

"आठही?" तिने रिकामं खोकं उलटं करून पाहिलं. "साधी डोकेदुखीची गोळी गिळायला तुम्हाला मुहूर्त लागतो! आणि आता हे?"

आवाज कापत होता. ती रागावली असती तर घड्याळजींना धीर आला असता.

तपासणीला रक्त दिलं दुसऱ्या दिवशी सकाळी. निकाल मिळाला संध्याकाळी. मधल्या वेळात त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा स्क्रू तीनदा पाडला.

"कॅल्शियम हद्दीत आहे, पण अगदी काठावर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुड्या बंद. पाणी भरपूर. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त."

"म्हणजे वाचलो ना?"

"घाबरू नका, पण पक्कं पंधरा दिवसांनी सांगते."

बाहेर पडल्यावर बरोबर आलेल्या बायकोने भर रस्त्यात त्यांचं मनगट धरलं. कोपऱ्यापर्यंत ते सोडलं नाही.

"तुम्हाला काही झालं ना," ती म्हणाली, "तर मी जन्मात तुमच्याशी बोलणार नाही."

घड्याळजी खरोखर घाबरले.