खंडेनवमीला पुजलेला डाव

मित्रांनो, मी पत्त्यांचा एक जुना संच आहे. वयाने फारसा नव्हे, भोगाने जुना. सुट्टीत तुमच्या घरी निघणाऱ्या राजा-राणीच्या पत्त्यांचा मी दूरचा नातलग. आमच्या कुळाची रीत मात्र निराळी. आमची पाने शेकडो असतात. त्यांवर योद्धे, अरण्ये, पशू, जलाशय चितारलेले असतात. त्यांतून प्रत्येक खेळाडूने आपली साठ पाने निवडावी आणि स्वतःचा संच रचावा. जसा रचणारा, तसा त्याचा संच.

कोणत्या छापखान्यात माझा जन्म झाला, हे मला ठाऊक नाही. काळोख्या खोक्यातून मी बोईसरच्या एका दुकानात उतरलो आणि तेथून सुजितने मला घरी नेले. सुजितचे कुटुंब बीडकडचे. वडील झुंबर, आई रखमाबाई आणि धाकटी बहीण ज्ञानेश्वरी यांच्यासह तो बेटेगावात भाड्याच्या खोलीत राहत असे. तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात तो कंत्राटी कामगार होता. या खेळाची गोडी त्याला तेथल्याच कमलेशने लावली. कमलेश नवापूरचा, कोळ्याचा मुलगा.

नवख्याकडून जी चूक हमखास होते, ती सुजितनेही केली. मिळाली तेवढी बलवान पाने त्याने माझ्यात भरली. परंतु बलवान पान मांडायचे, तर आधी त्याला पोसणारी साधी पाने मांडावी लागतात. ती नव्हतीच. पहिल्याच डावात सारे वीर त्याच्या हातात अडकून बसले. कमलेश पोट धरून हसला.

"अरे सुज्या, बोटीत सगलेच तांडेल बसवलेस! मंग जालं कोण ओढील, तुजा बापूस?"

तांडेल म्हणजे नावेचा प्रमुख. सुजितलाही हसू आवरले नाही. त्यानंतर प्रत्येक रविवारी तो एखादे पान काढी, एखादे घाली, आणि मग मला चटईवर पसरून पाहत बसे. झुंबरला हे रुचत नसे. "पत्ते ते पत्तेच. बाप पोती उचलतोय आन लेक डाव मांडतोय," असे तो म्हणे. सुजित कधी उलट बोलला नाही. माझी रचना मनासारखी झाली, तेव्हा त्याने पालघरच्या एका स्पर्धेत आपले नाव नोंदवले. दसऱ्यानंतरच्या रविवारी ती होती.

वैशाखात त्याला कारखान्यातल्या दुसऱ्या विभागात पाठवले गेले. तेथेही तो नवखाच होता. कोणती झडप केव्हा उघडू नये, हे त्याला कोणीही समजावले नाही. एका दुपारी बेटेगावातली तावदाने थरथरली. मी फळीवर होतो. तो हादरा मलाही जाणवला. तो कारखान्यातल्या स्फोटाचा होता, हे संध्याकाळी कळले. सुजित परत आला नाही.

मित्रांनो, त्यानंतर कितीतरी दिवस मला कोणी स्पर्श केला नाही. माझ्यावर धूळ बसली. श्रावणात कमलेश भेटायला आला, तेव्हा ज्ञानेश्वरीने मला फळीवरून उतरवले आणि पदराने पुसावे तसे ओढणीने पुसले.

"कमलेशदादा, मला शिकवा. स्पर्धेत दादाच्या जागी मी बसते. जिंकायचं नाही मला. त्याने रचलेला डाव एकदा शेवटपर्यंत खेळायचाय. बस्स."

कमलेशने माझी पाने एकेक करून पाहिली. मग म्हणाला, "मंग येका पानाला बी हात लावायचा नाय. त्याने ठेवलाय तसाच खेलायचा."

शिकवणी सुरू झाली. ज्ञानेश्वरी पुनःपुन्हा चुके, पण चिडत नसे. एकदा कमलेश बोलून गेला, "हे तुजं पान मेलं बग," आणि त्याने जीभ चावली.

"बाद झालं म्हणा, दादा," ती हळूच म्हणाली.

त्याने तिला चढाई शिकवली, बचाव शिकवला. केवळ एक गोष्ट शिकवली नाही: स्पर्धेत सर्व पानांची पाठ तंतोतंत सारखी असावी लागते. ते त्याच्या इतके अंगवळणी पडले होते की सांगावे, असे त्याला सुचलेच नाही.

खंडेनवमी आली. त्या दिवशी श्रमिकांच्या घरी हत्यारे पुजली जातात. रखमाबाईने पाटावर गावाकडचा कोयता ठेवला, झुंबरचा पोती ओढायचा आकडा ठेवला, सुजितचे जुने हेल्मेट ठेवले आणि शेजारी मला ठेवले.

"आता पत्ते पुजतीस व्हय?" झुंबरने विचारले.

"माझ्या लेकराच्या हातात जे जे होतं, ते समदं पुजणार. तुमी गप बसा."

झुंबरने स्वतःच झेंडूचे एक फूल उचलून माझ्यावर वाहिले. रखमाबाईने पाणी शिंपडले आणि ओले हळदकुंकू बोटाने माझ्या वरच्या पानाच्या पाठीवर रेखले. एवढा सन्मान माझ्या कुळात कोणाला लाभला असेल, असे मला वाटत नाही. परंतु मी कागदाचा. ते पाणी माझ्यात मुरले. वरची काही पाने फुगली आणि कुंकू त्यांच्यात झिरपले.

पालघरच्या सभागृहात ज्ञानेश्वरीसमोर कुशल नावाचा शांत मुलगा बसला. त्याने रीतीप्रमाणे मला पिसायला घेतले आणि तो थबकला.

"ताई, ही पानं फुगलीत. पाठीवर लालही आहे. कुठलं पान वर आलं, ते ओळखू येतं."

पंच मेघालीताई आल्या. त्यांनी मला हळुवार हाताळले. "कुंकू आहे का गं हे?" ज्ञानेश्वरीने होकारार्थी मान हलवली. "नियम आहे, बाळा. पानांना प्लास्टिकची आवरणं घातली तरी फुगवटा कळेल. एवढी पानं बदल आणि खेळ. मी थांबते."

"ही घे माजी," कमलेशने घाईने आपला डबा उघडला. "सेम हायेत, पोरी. काय पन फरक नाय."

मित्रांनो, तेथे कोणीही अन्याय केला नाही. ज्ञानेश्वरीने ती लाल पाने बोटांखाली धरली.

"दादाने ठेवलेली आहेत ही. आईने पुजलेली आहेत. ती काढून मी कोणाचा डाव खेळू?"

तिने मला एकत्र केले, कुशलला नमस्कार केला आणि ती उठली. माझे एकही पान मांडले गेले नाही.

परतताना कमलेश म्हणाला, "चूक माजी हाय. मीच बोललो नाय तुला."

"आईला सांगू नका," एवढेच ती म्हणाली.

रखमाबाई दारातच उभी होती. "खेळलीस का गं माझ्या सुज्याचा डाव?"

"खेळले, आई."

"जिंकलीस?"

"हरले. समोरचा भारी होता. पण शेवटपर्यंत खेळले."

रखमाबाईचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळला. "शेवटपर्यंत टिकला ना? म्हणून तर पुजला होता त्याला."

ज्ञानेश्वरीने होकार दिला आणि मला फळीवर ठेवले. तेव्हापासून मी तेथेच आहे.

मित्रांनो, माझी विनवणी अशी आहे. तुमच्या खेळात, तुमच्या वर्गात, पुढे तुमच्या कामावर कोणी नवखा येईल, तेव्हा तो विचारील याची वाट पाहू नका. काय विचारावे, हेच त्याला ठाऊक नसते. त्याच्याजवळ बसा, आणि जे तुम्हाला सांगण्याजोगेही वाटत नाही, ते त्याला आधी सांगा.