तीन लाखांची रिकामी मोजणी

मित्रांनो, मी जुना आहे आणि नव्या माणसांविषयी माझं मत फारसं बरं नाही. मी एक कर्नेल आहे. म्हणजे यंत्राच्या पोटात बसून कोणी कधी काम करायचं हे ठरवणारा प्रोग्राम. ज्या चिपवर मला ठेवाल, तेच माझं अंग.

सत्यवतीबाईंनी मला बावीस वर्षांपूर्वी सीताबर्डीत, कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत लिहिलं. अंडी उबवणाऱ्या यंत्रासाठी. हीटर, ट्रे हलवणारी मोटर, तापमान सांगणारा सेन्सर, तिघांना मी वळण लावलं. पहिलं यंत्र रामटेकजवळच्या रंभाबाईंनी घेतलं. त्या पाहुण्यांना दाखवत, "हे माही खुडूक कोंबडी." याहून मोठी पदवी मला मिळाली नाही.

मग माझी चिप बाजारातून गेली. बाईंची कंपनी मनीषनगरात काचेच्या दारांमागे गेली. मला नव्या चिपवर बसवायचं काम पियुष आणि मेघा या कंपनीतल्या तरुण इंजिनिअरांकडे आलं. नवी चिप दसपट वेगवान, म्हणून तिचं कौतुक संपत नव्हतं. कोंबडीचं पिल्लू अजून एकवीस दिवसच घेतं, हे त्या फिरत्या खुर्च्यांवर कोणाला आठवलं नाही.

पियुष मला वाचत गेला आणि एका जागी हसला. ट्रे हलवून मोटर थांबली की मी तीन लाखांपर्यंत नुसता मोजत असे आणि मगच तापमान विचारत असे. बाजूला बाईंनी लिहिलं होतं, 'काढू नका'. कारण लिहिलं नव्हतं. तेव्हा विचारायला बाई शेजारच्याच टेबलावर असत.

"मेघा, हे काहून ठेवलं वं? नुसतं मोजून राहिलं, बाकी काहीच नाही."

"बाईंले विचारू का?"

"पंच्याहत्तरीच्या बाईले काय आठवते आता?"

मोजणी गेली. टेबलावर माझी परीक्षा झाली, तीही मोटरीविना. मोटरीच्या जागी लाल दिवा लावला होता. दिवा लागला, दिवा विझला, यांनी केक कापला.

रंभाबाईंच्या यंत्राचं जुनं बोर्ड बंद पडलं, तेव्हा आत दोनशे अंडी होती, नवव्या दिवसाची. त्यांचा सगळा हंगाम त्या ट्रेंमध्ये होता. नवं बोर्ड बसलं आणि मी कामाला लागलो. मोटर थांबली तरी तारेत क्षणभर थरथर उरते. तेव्हा विचारलं तर सेन्सर वाढवून सांगतो. तीन लाख मोजेपर्यंत ती निवत असे. आता मी लगेच विचारी, सेन्सर 'गरम आहे' म्हणे आणि मी हीटर बंद ठेवी. मला लिहिलं तेवढंच करता येतं. डोकं ज्यांना होतं, त्यांनी ते वापरलं नव्हतं.

पडद्यावर आकडा झकास होता. रंभाबाईंनी रोजच्या सवयीने एक अंडं काढून पापणीला लावलं. गार लागलं. त्यांनी फोन केला, तर पियुष म्हणाला, स्क्रीन बरोबर आहे, मावशी. त्यांनी फोन ठेवला, अंडी गोधडीत घेतली आणि भोवती गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या.

मेघाने मात्र कोणाला न विचारता सत्यवतीबाईंना गाठलं. बाईंनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"मोजणी काढली न? चिप तुमची धावते. मोटर नाही धावत."

पियुषने घाईने तीन लाख परत घातले. नव्या चिपने ते डोळा लवायच्या आत मोजून टाकले. शेवटी बाईंनीच फोनवर सांगितलं की मोजू नका, घड्याळ बघून थांबा.

दुसऱ्या दिवशी दोघं रामटेकला आले. त्यांनी थांबायची नवी ओळ माझ्यात घातली आणि मी सुधारलो. रंभाबाईंनी गोधडीच्या कडेचं एक अंडं उचलून पियुषच्या पापणीला लावलं.

"सांग गा आता, किती डिग्री?"



एकविसाव्या दिवशी चौसष्ट पिल्लं निघाली. उरलेली अंडी परसात पुरली गेली. खड्डा रंभाबाईंनी पियुषलाच खणायला लावला.

आता त्या ओळीशेजारी मेघाने सगळं कारण लिहिलं आहे, खाली बाईंचं नाव. मित्रांनो, जुन्या कामात काही बिनकामाचं दिसलं, तर हसण्याआधी विचारा. ज्याने ते ठेवलं, त्याचा फोन अजून लागतो आहे, तोवरच विचारा.