मांजरपायाचं ॲव्हरेज

गाडी चांगली चालवणाऱ्याला लोक म्हणतात, काय हात आहे! पायाकडे कोणी बघत नाही. पण ज्या खात्यात उजाडल्यापासून एकच प्रश्न विचारला जातो, 'लिटरमागे किती गेली?', तिथे सगळी इभ्रत उजव्या पायाची. त्या खात्यात तिला सगळे मांजरपाय म्हणत. ॲक्सिलरेटरवर हिचा पाय पडलाय हे गाडीलासुद्धा उशिरा कळतं, असं मामा सांगायचे. मामा म्हणजे खात्यातले सगळ्यांत जुने चालक. ते कोणाचेच मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते.

गाड्यांची चाचणी घेणारं ते छोटंसं खातं. नवी गाडी, नवं टायर, नवं इंधन, काहीही आलं की ते खऱ्या रस्त्यावर पळवून बघायचं. आधी शहरातली गर्दी, मग रेल्वेचं फाटक, मग मोकळा हमरस्ता, टेकडीचा चढ आणि तसंच माघारी. निघताना टाकी काठोकाठ, परत आल्यावर पुन्हा काठोकाठ. जेवढं नव्याने मावलं तेवढं गाडी प्यायली. ऐकायला सोपं. पण वारा समोरून आला, चाकात हवा कमी पडली, एसी चालू राहिला, की आकडा लगेच रुसतो. आणि त्याला सगळ्यांत जास्त रुसवतो तो चालकाचा पाय. म्हणून पाय असा हवा की आज जसा, तसाच उद्या. तिचा तसा होता. त्याचा तिला अभिमान होता आणि तो लपवायचे कष्ट ती घेत नसे.

बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली, तेव्हा खात्यात मिश्रणाचं काम सुरू होत होतं. पंपावर आता पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल मिसळून मिळत होतं आणि जो तो ॲव्हरेजच्या नावाने बोटं मोडत होता. कोणी म्हणे निम्म्यावर आलं, कोणी म्हणे काही झालेलं नाही, उगाच बोंब. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा दम कमी, त्यामुळे शंभरात सहा-सातची घट होणार हे कागदावर सगळ्यांना माहीत होतं. रस्त्यावर किती होते ते बघायचं होतं.

"मला बोंब नको, आकडा हवा," मोठ्या मॅडम म्हणाल्या. मोठ्या मॅडम म्हणजे खात्याच्या प्रमुख; बोलणं मोजकं, नजर सुईसारखी.

दोन पांढऱ्याशुभ्र जुळ्या गाड्या तयार केल्या. एकीत निव्वळ पेट्रोल, ती मामांकडे. दुसरीत मिश्रण, ती हिच्याकडे.

"काय मांजरपाय, नख्या शाबूत आहेत ना? की दुपटी धुऊन धुऊन झिजल्या?" मामांनी खिडकीतून डोकं काढलं.

"तुम्ही तुमच्या गुडघ्याचं बघा मामा. क्लच दाबला की गाडीपेक्षा तोच जास्त वाजतो."

आवारातले सगळे हसले. किती दिवसांनी असं हसणं कानावर पडलं, म्हणून ती खुशीतच निघाली.

संध्याकाळी टाक्या भरल्या आणि हसणं थांबलं. तिची गाडी मामांच्या गाडीपेक्षा शंभरात बारा-तेराने मागे पडली होती.

"मिश्रणाने वाट लावली म्हणजे," टाकी भरणारा म्हणाला.

मॅडमच्या कपाळावर बारीकशी आठी उमटली. "उद्या गाड्यांची अदलाबदल करा."

दुसऱ्या दिवशी निव्वळ पेट्रोल तिच्याकडे, मिश्रण मामांकडे. तोच रस्ता, तशीच हवा. आणि या खेपेला दोन्ही गाड्या अगदी बरोबरीत आल्या.

"घ्या! सारख्याला सारखं!" टाकी भरणारा खूश झाला. "म्हणजे लोक उगाच बोंबलतात."

ती मात्र मनातल्या मनात हिशोब मांडत होती. दोष सगळा मिश्रणाचा असता, तर घट मिश्रणाच्या गाडीतच राहायला हवी होती. पण त्यातली निम्मी घट त्या गाडीतून उतरली होती आणि तिचा पदर धरून या गाडीत येऊन बसली होती. म्हणजे निम्मी घट इंधनाची. आणि निम्मी तिची.

मॅडमनी तिला आत बोलावलं.

"चाकांत हवा?"

"बघितली होती, मॅडम."

"एसी?"

"बंद."

"मग?"

"तेच शोधतेय, मॅडम."

मॅडम नेहमीपेक्षा मऊ आवाजात म्हणाल्या, "हे बघ, अहवालात इंधनाची घट गेली पाहिजे, चालकाची नाही. सोमवारपासून शेवटच्या फेऱ्या. तोवर तुझा पाय सापडला तर तूच चालव. नाही तर मामांच्या जोडीला दुसरा कोणी देते. तुझ्यासाठी टेबलाचं काम आहे. बाळ लहान आहे तुझं, ऊनवारा नको, वेळेवर घरी. त्यात वाईट असं काही नाही."

खरंच नव्हतं. म्हणून तर ते जिव्हारी लागलं. रागावल्या असत्या तर ती भांडली असती. काळजीशी भांडायचं कसं?

बाहेर मामा उभे होते. त्यांनी टोमणा मारला नाही, नुसतं म्हणाले, "दमली असशील, पोरी. घरी जा." तेव्हा तिला खरी भीती वाटली.

घरी सासूबाई मुलीला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होत्या. "काय गं, तोंड का एवढंसं झालंय?"

"पाय हरवला, आई."

"आत्ता तर दोन्ही चपला काढून आत आलीस."

तिला हसू आलं आणि रडूही. मुलीला जवळ घेतलं, तिच्या मानेत नाक खुपसलं. हीच मुलगी पोटात असताना शेवटच्या फेरीला मॅडमनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, आकडा असा हवा. तो आकडा आता कुठे गेला? हात धुताना, दुपटी वाळत घालताना, भाजी चिरताना ती मनातल्या मनात रस्ता पुन्हा पुन्हा चालवून बघत राहिली. कुठे वेग चुकला? चढावर गिअर उशिरा बदलला का? काही सापडेना.

रविवारी सगळे नणंदेकडे निघाले. गाडी घरचीच, जुनी. गाडी चालवायला ती, शेजारी नवरा, मागे सासूबाई आणि त्यांच्याजवळ लहानग्यांच्या सीटमध्ये पट्टा लावलेली राणीसरकार. गल्ली संपायच्या आत राणीसरकारांचा डोळा लागला. गाडी चालू झाली की झोप, हा तिचा नियम होता.

गावाबाहेरचं फाटक बंद होतं. मालगाडी येत होती, डब्यांमागून डबे, संपायचं नाव नाही.

"बंद कर की गाडी," नवरा म्हणाला. "बराच वेळ आहे."

"वेडा आहेस का?" ती कुजबुजली. "इंजिन बंद झालं की टक्क डोळे उघडतात तिचे!"

आणि ती स्वतःच थबकली. फाटक खाली यायच्या आधी ज्या हाताने किल्ली फिरवलेली असायची, तो हात स्टिअरिंगवर शहाण्या मुलासारखा गप्प पडून होता.

"मी काय म्हणाले आत्ता?"

"मी वेडा आहे म्हणालीस."

"ते तू मला विचारलं असतंस," मागून सासूबाई म्हणाल्या, "तर लग्नाआधीच सांगितलं असतं."

"तसं नाही हो आई! इंजिनाबद्दल काय म्हणाले?" आणि उत्तराची वाट न बघता ती खुदकन हसली. सगळा रस्ता लख्ख दिसायला लागला होता. चाचणीच्या गाडीतसुद्धा ती फाटकापाशी अशीच थांबली होती, इंजिन घुरघुरत ठेवून. दोन्ही दिवस. सिग्नलला तेच. प्रत्येक गतिरोधकावरून तिने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अशी उतरवली होती, की कोणाची इवलीशी मान हलू नये. गर्दीतून बाहेर पडल्यावरही गिअर वर टाकायची घाई केली नव्हती, कारण वेग बदलला की कूस बदलते. मागची सीट रिकामी होती; पण तिच्या पायाला ते कोणी सांगितलंच नव्हतं.

तिने तिथल्या तिथे किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं. मागे क्षणभर शांतता, आणि मग असा काही टाहो फुटला की शेजारच्या मोटारसायकलवाल्याने वळून बघितलं.

"उठवलीस ना!" सासूबाई करवादल्या. "बरी झोपली होती पोर!"

"उठू दे, आई. रडू दे जरा," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे बघून अशी हसली की त्याला वाटलं, हिला झोप कमी पडतेय. नणंदेचं घर येईपर्यंत मुलीने गाडी डोक्यावर घेतली. तिला ते रडणं सनईसारखं वाटत होतं. पाय हरवला नव्हता. उलट इतक्या दिवसांत तो आणखी एक विद्या शिकून बसला होता, आणि तीही अशी की ड्रायव्हिंगच्या कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत.

सोमवारी ती थेट मॅडमच्या खोलीत गेली. गुपचूप नीट चालवून मोकळं होता आलं असतं, कोणाला पत्ता लागला नसता. बाळाचं नाव काढलं तर टेबल ठरलेलं, हेही तिला कळत होतं. तरी तिने सगळं सांगितलं.

मॅडम ऐकून म्हणाल्या, "म्हणजे बाळामुळेच झालं ना?"

"हो मॅडम. पण पाय बिघडला नाही माझा. माझ्याकडे आता दोन पाय आहेत, एक कामाचा, एक घरचा. घरचा इथे घेऊन येत होते, एवढंच. तो ओळखता येत नव्हता, आता येतो."

"बोलून आकडा येत नाही."

"किल्ली द्या."

त्या दिवशी मिश्रण तिच्याकडे होतं. गर्दीतून बाहेर पडताच तिने गिअर वेळेवर वर टाकला. गतिरोधकावरून गाडी जेवढी हळू न्यायला हवी तेवढीच नेली. फाटकापाशी किल्ली फिरवली, तेव्हा त्या शांततेत तिचे कान आपोआप टवकारले. आता रडणार, आता रडणार. कोणी रडलं नाही. आरशात रिकामी सीट. "घरी आहे ती, आजीजवळ," ती पायाला मोठ्याने म्हणाली. पुढे हमरस्त्यावर पाय असा ठरला की वेगाचा काटा चिकटवल्यासारखा उभा राहिला. टेकडीच्या चढावर इंजिनाला धाप लागायच्या आत तिने गिअर खाली घेतला. गाडी सरसर वर गेली. हे आपलं काम आहे, हे आपल्याला येतं, हे तिने कितीतरी दिवसांनी अंगभर अनुभवलं.

टाक्या भरल्या. घट सहा-सातची. दुसऱ्या दिवशी गाड्यांची अदलाबदल झाली, मिश्रण मामांकडे गेलं, आणि घट मुकाट्याने त्यांच्या मागे गेली. तितकीच. आता ती इंधनाची होती, तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती.

टाकी भरणाऱ्याने या खेपेला आधी सगळ्यांची तोंडं बघून घेतली. मामांनी मात्र अख्ख्या आवाराला ऐकू जाईल अशी शिट्टी मारली. "मांजर आलं रे परत!"

मॅडम आकडे लिहायला वळल्या.

"मॅडम, एक फेरी राहिली," ती म्हणाली.

"कुठली?"

"मागे बाळ झोपलंय असं धरून चालवायची, ती. घरचा पाय घेऊन मी चालवलं तर तेवढीच घट आणखी होते, हे आपण दोनदा बघितलंय. माझ्यासारखे किती असतील रस्त्यावर. कोणाच्या मागे तान्हं, कोणाच्या मागे दवाखान्यातून घरी नेलेलं म्हातारं माणूस. ते बारा-तेराच्या नावाने ओरडतात तेव्हा खोटं बोलत नाहीत. फक्त सगळं मिश्रणावर ढकलतात. त्यांनी तसंच चालवावं. पण निम्मं कशापायी जातं ते त्यांना कळू द्या की."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मामा, उद्या ही फेरी तुम्ही करा. बघू जमते का."

मामा ताठ मानेने निघाले. आणि परत आले ते मान खाली घालून. "छे! फाटक दिसलं की हात जातोच किल्लीकडे. आणि गतिरोधकावर तर माझं बाळ छतालाच लागलं असतं."

"जाऊ द्या मामा," ती म्हणाली. "काही कामं वयाने येत नाहीत."

"ऐकून घेतो, आज तुझा दिवस आहे." मामा हसत गाडीतून उतरले, किल्ली तिच्या हातावर ठेवली. आत बसून ती सीट पुढे घ्यायला हात खाली घालून चाचपडायला लागली, तर सीट त्यांनी उतरायच्या आधीच तिच्यासाठी पुढे ओढून ठेवलेली होती.