ग्रॅमा-ग्रॅमाचं भांडण

माझं डोकं लवकर फिरतं हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आतेभावाला अक्कल नाही, हे मात्र कोणी कबूल करत नाही. त्याला आम्ही रेडा म्हणतो. त्याचा त्याला राग येत नाही, उलट मान ताठ होते.

शर्यतीचा ड्रोन आम्ही तिघांनी बाबांच्या मोटारी-पंखे दुरुस्तीच्या दुकानात, मागच्या बाकावर बांधला. सांगाडा आणि वरचं टोपण माझ्या धाकट्या भावाचं. त्याचं नाव पडलं पिसू, कारण अंगावर मांस म्हणून नाही. वारा कापला जावा म्हणून त्याने कार्बनच्या दांड्यांच्या कडा घासघासून गोल केल्या, टोपण तर इतकं पातळ केलं की फुंकर मारली तर बाकावरून सरकायचं. आतलं सगळं माझं. कंट्रोलर, मोटारींना वीज वाटणारा बोर्ड, रिसीव्हर, कॅमेरा, एकेक वस्तू काट्यावर ठेवून निवडलेली. रेडा मोटारी आणून द्यायचा आणि बढाया मारायचा. शर्यतीत उडवणार पिसू, रेडा राखीव.

रविवारच्या शर्यतीत एक मोठा संघ एकच पायलट निवडणार होता. पिसूला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही नकोही आहे. रिमोटवर त्याचे अंगठे इतके कमी हलायचे, की बघणाऱ्याला वाटावं हा नुसता उभा आहे.

वजनावरून आमच्यात रोज जुंपायची. रेड्याला मोठी बॅटरी हवी होती, पिसूला छोटी. शेवटी रेड्याने पिसूचं नाक फोडलं, तरी पिसू हटला नाही आणि छोटी बॅटरी ठरली. मग रेडा कपॅसिटरच्या मागे लागला. एवढा जाडा डबा हवाच कशाला म्हणे, काढून टाका. मी समजावलं की मोटारी एकदम ओढ घेतात तेव्हा विजेचा हिसका तो डबा पोटात घेतो, नाहीतर कंट्रोलर वेडापिसा होतो. पण पालथ्या घड्यावर पाणी.

शुक्रवारी मी पुढे गिऱ्हाइकाशी बोलत असताना त्याने कटरने कपॅसिटर उडवला. ड्रोनच्या पंख्यांची पाती काढल्याशिवाय बॅटरी लावायची नाही हा आमच्या बाकाचा नियम. त्याने पाती तशीच ठेवली, एका हाताने ड्रोन बाकावर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने रिमोटवर वेग चढवला. बघा, काही होतं का, हे त्याला दाखवायचं होतं.

किंकाळीसारखा आवाज ऐकून मी आत धावले, माझ्या मागोमाग पिसू. रेडा वेग खाली ओढत होता आणि मोटारी ऐकत नव्हत्या. घाबरून त्याने हात सोडला. ड्रोन उसळून भिंतीकडे सुटला. कोणीही शहाणा माणूस खाली वाकला असता. पण ज्याने एखादी वस्तू ग्रॅम-ग्रॅम घासून केली आहे, त्याला ती आपटताना बघवत नाही. पिसूने ती झेलली.

पात्यांनी त्याचा उजवा अंगठा मुळापासून उघडला. रक्त टोपणावर, बाकावर, माझ्या चष्म्यावर उडालं. मी बॅटरी उपटली तेव्हा कुठे ती घरघर थांबली. मग मी तापलेलं सोल्डरिंग आयर्न उचललं आणि रेड्याच्या दंडावर टेकवलं. टेकवलं कसलं, दाबलं. कातडं चरचरलं, तो गुरासारखा ओरडला आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बाबांनी केसांना धरून मला मागे ओढलं.

अंगठा वळवणारी आतली दोरी तुटली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. शिवली आहे, पण तो पूर्वीसारखा वळणार नाही.

ड्रोनला ओरखडाही आला नव्हता. दवाखान्यातून दुकानात परतल्यावर काय करावं कळेना, म्हणून मी रक्त पुसलं आणि नवा कपॅसिटर जोडला.

शनिवारी रेडा दंडाला पट्टी बांधून दुकानाच्या दारात उभा राहिला. बाबा म्हणाले, राखीव तोच आहे, ड्रोन त्याला देऊन टाक. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याने पोराचा हात खाल्ला त्यालाच पोराचं ताट वाढायचं? मी हातोडा घेतला. पहिल्या घावात टोपणाचा चुरा झाला. बाबांनी मुस्काटात मारली, माझा ओठ फुटला, तरी मी थांबले नाही. दांड्या, बोर्ड, कॅमेरा, सगळं ठेचलं. रेडा मध्ये पडला तेव्हा त्याच्या बोटांवरही एक बसला.

मागच्या खोलीतून पिसू आला.

"ताई, त्याला द्या असं मीच बाबांना सांगितलं होतं," तो म्हणाला. "माझ्याच्याने आता उडवणं होणार नाही. निदान शर्यतीत जाताना बघायचा होता मला तो."

मग तो खाली बसला आणि डाव्या हाताने तुकडे गोळा करायला लागला. मी मदतीला वाकले, तर त्याने मला लाथ मारली.